बोरडोहच्या सहा विहिरी आणि देवराव कामडी

सौंसर तहसीलच्या टोकाला बोरडोह नावाचं गाव आहे. तिथल्या सहा विहिरींची पाण्याची पातळी सरकारी रजिस्टरात ‘स्थिर, किंचित वाढ’ अशी लिहिलेली आहे. पानाच्या तळाशी मोजणाऱ्याची सही आहे, दे. ना. कामडी. सही खरी आहे. आकडेही कोणी मनाने घातलेले नाहीत, टेप सोडूनच घेतलेले आहेत. फक्त ज्या विहिरींच्या नावापुढे ते लिहिले आहेत, त्या विहिरींचे ते नाहीत.

हे मी केलं. देवरावांनी नाही. मी आता सत्तर वर्षांचा आहे, पांढुर्ण्यात मुलाच्या घरी राहतो. एवढी चार शब्दांची गोष्ट लिहायला मला पंधरा वर्षं लागली, आणि देवराव यंदाच्या पावसाळ्यात गेले. म्हणजे ज्याने वाचायला पाहिजे होतं तो आता वाचणार नाही. तरी लिहितो.

भूजलाच्या आमच्या कचेरीत मी तांत्रिक सहायक होतो आणि देवराव टेपवाले. कागदावर त्यांचं पद दुसरंच काहीतरी होतं, पण सौंसरपासून मोहगावापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या वावरात विहीर होती ते सगळे त्यांना टेपवाले कामडीच म्हणत. वयाने माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. उंच, किंचित वाकलेले, खिशात कायम खडूचा चुरा. वर्षातून चार वेळा आम्ही जीपने गावोगाव फिरायचो आणि ठरलेल्या विहिरींचं पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजायचो. काम सोपं. पोलादी टेपच्या टोकाला हातभर खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायचा, काठावरच्या लाल खुणेशी आकडा जुळवायचा आणि वर ओढायचा. खडू जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत पाणी. वजाबाकी करायची आणि लिहायचं.

देवराव तीन वेळा टेप सोडत. तिन्ही आकडे एका बोटात आले तर लिहीत, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. मी जीपमध्ये बसून घड्याळ पाहत असे. विहिरीच्या काठावर चढण्याआधी ते चपला काढत. मी एकदा विचारलं, “देव आहे का आत?”

“देव नाही जी,” ते म्हणाले, “पण घसरलो तर देवाकडेच जाणं हाये.”

शेतकरी चहा आणत. आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे घराला नाही म्हणणं. पण देवराव मोजणी होईपर्यंत कपाला हात लावत नसत. “आधी मोजू द्या जी. चहा पेल्यावर माणूस एखादं बोट इकडचं तिकडं करते.” मोजून झाल्यावर मात्र दोन कप पीत, आणि दुसऱ्यात साखर मागून घेत.

विहिरींना ते मालकाच्या नावाने ओळखत आणि तसंच बोलत. एकदा नवा ड्रायव्हर होता. देवराव काठावरून ओरडले, “साहेब, जानराव लय खाली गेले. आठावर हायेत.” ड्रायव्हरने गाडीतून उडी मारली. “अरे बाप्पा! कालच तर सौंसरच्या बाजारात भेटले होते ना जी!” तेव्हा देवराव हसले होते. काठावर बसून, पोट धरून. त्यांना तसं हसताना मी दोन-तीनदाच पाहिलं.

पाण्याची त्यांची दुसरी एक परीक्षा होती, ती आमच्या नियमात नव्हती. बादलीभर पाणी ओढून ओंजळीतून तोंडात घेत, गालात फिरवत आणि थुंकत. मग सांगत, हे पावसाचं, हे मुरमातलं, हे खालचं. ‘खालचं’ म्हणजे खाणीच्या खोलीचं. आम्ही बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवत असू, महिन्याने कागद येई. देवराव ज्याला ‘खालचं’ म्हणाले असतील त्याच्या कागदावर क्षार आणि जडपणा हमखास वाढलेला असे. मी कागद फायलीत लावत असे. त्यांना कधी दाखवल्याचं आठवत नाही.

बोरडोह हे देवरावांचं स्वतःचं गाव. तिथून दोन कोसांवर कोळशाची भूमिगत खाण सुरू झाली होती. वरून काही दिसत नसे, एक तोंड, एक भोंगा, कोळशाचे ट्रक. खालचे रस्ते मात्र दरवर्षी थोडे थोडे बोरडोहच्या दिशेने येत होते. भिंतीवरच्या फळीतली भांडी दिवसातून काही ठरावीक वेळी किणकिणायला लागली, तेव्हा गावाला कळलं की खाण पायाखाली आली. देवराव म्हणत, “आमच्या खाली तीन पाळ्या चालून राहिल्या साहेब, अन् वर एकाही पोट्ट्याले काम नाही.”

खाली कोळसा काढताना मध्ये कोळशाचेच खांब ठेवतात, छत तोलायला. शेवटी ते खांबही काढून घेतात आणि छत बसू देतात. छत बसलं की भेगा वर चढतात आणि विहिरींचं पाणी त्या भेगांनी खाली उतरतं. खाली साचलेलं पाणी पंपांनी उपसून बाहेर सोडतात. बोरडोहच्या पश्चिमेचा नाला पूर्वी होळीला कोरडा पडायचा, तो आता मे महिन्यातही वाहत असे. अनोळखी माणसाला वाटावं, काय सुपीक गाव आहे. नाल्यातल्या दगडांवर पांढरा थर चढलेला असे, आणि त्या काठावरच्या विहिरी तुडुंब भरलेल्या. त्याच पाण्याने.

ते पाणी काय आहे, हे मला देवरावांच्या मुलीच्या लग्नात कळलं. वऱ्हाड पांढुर्ण्याचं. स्वयंपाकाला गावची जुनी विहीर पुरेना म्हणून आचाऱ्याने नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी आणलं होतं. सकाळपासून तुरीची दाळ चुलीवर होती आणि बारा वाजले तरी दाणा तसाच. खाली मोळीवर मोळी सरपण गेलं. नवऱ्या मुलाचा मामा मांडवातून उठून चुलीपाशी आला, पळी फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काय व्याही, बोरडोहात दाळ शिजवत नाहीत का? नुसती भिजवता?”

मांडव हसला. देवराव पागोटं सावरत म्हणाले, “दाळ बिचारी यंदाची हाये पाहुणे. पाणीच लय जुनं हाये. दगडात राहून राहून दगड झालं.”

मग त्यांनी स्वतः बैलगाडी जुंपली. मुलीचा बाप, हळदीचे हात, आणि गाडीवर दोन ड्रम. शेजारच्या गावातली कोणती विहीर गोड ती त्यांना पाठ होती. पंगत चार वाजता बसली. मामाच्या पानात वरण वाढताना ते वाकून म्हणाले, “घ्या पाहुणे. आता शिजवली.” मामाने दोनदा मागून घेतलं. मीही त्या पंगतीत होतो. चांगलं जेवलो.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जानराव बोबड्यांची विहीर बसली. जानराव देवरावांचे लहानपणचे सोबती, घराला घर लागून. आठवड्यापूर्वी मोट बुडेल एवढं पाणी होतं, एका सकाळी तळ दिसला. तळाला आडवी भेग होती, हात जाईल एवढी. दीड वर्षात यादीतल्या सहाही विहिरी अशा गेल्या. संत्र्याच्या बागा आधी पिवळ्या पडल्या, मग लोकांनी त्या तोडल्या. ज्यांनी नाल्याचं पाणी देऊन पाहिलं, त्यांच्या मातीवर पांढरी पापडी आली आणि झाडं शेंड्याकडून वाळली.

आता माझं काम सांगतो.

आमच्याकडे नियम होता की ठरलेली विहीर लागोपाठ कोरडी मिळाली तर जवळची पाणी असलेली विहीर यादीत घ्यावी. नियम वाईट नव्हता. पण नव्या विहिरीला नवा नंबर द्यायचा असतो, आणि जुनीपुढे ‘कोरडी’ लिहून ती ओळ बंद करायची असते. नव्या नंबरासाठी फाइल भोपाळला जाई, सहा-सहा महिने येत नसे, मध्ये तक्त्यात रिकामे रकाने राहत आणि वरून विचारणा होई. मी जानरावांच्या जागी नाल्याकाठची एक विहीर घेतली. जीप थेट तिथपर्यंत जात होती. नंबर जुनाच ठेवला.

देवरावांनी त्या विहिरीवर टेप सोडला, तीनदा सोडला, आकडा सांगितला. मग म्हणाले, “साहेब, इहीर मेली तर मेली लिहा. मेलेल्याच्या जागी दुसरा उभा करून हजेरी नका लावू.”

“नियम आहे देवराव. पाणी नसलेली विहीर मोजणार कशी?”

“मंग नवा नंबर द्या हिले.”

“देतो,” मी म्हणालो.

दिला नाही. पहिल्या विहिरीला नाही, मग दुसरीला कशाला, आणि सहावीपर्यंत त्याची सवय झाली. खोटं लिही असं मला कोणीही सांगितलं नव्हतं. वरून एवढंच येत असे की आकडे सलग असावेत. माझी पांढुर्ण्याला बदली व्हायची होती, घर तिथे, बायकोची शाळा तिथे. त्या काळात आपल्या टेबलावरून वर कसलीही कटकट जाऊ नये असं मला वाटत होतं. यापेक्षा मोठं कारण मी पंधरा वर्षं शोधलं. सापडलं नाही.

देवरावांची फील्डबुकं चिखलाने माखलेली असत. त्यात ते प्रत्येक आकड्यापुढे मालकाचं नाव लिहीत, आणि त्या जुन्या कोरड्या विहिरींवर सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन ‘पाणी नाही’ असंही लिहून आणत. ते रजिस्टरात सुवाच्य अक्षरात उतरवणं माझं काम. रजिस्टराच्या पानांवर ते आधीच सही करून ठेवत. दहा-दहा, बारा-बारा कोरी पानं. कारण हंगामात ते फिरतीवर आणि मी टेबलावर. “तुमचं अक्षर चांगलं हाये साहेब, तुमी उतरवा,” म्हणत. आमच्या कचेरीत सगळेच तसं करत. मी उतरवताना मालकाची नावं गाळली. रकाना लहान होता.

बोरडोहने अर्ज केला. खाणीने विहिरी आटवल्या, तेव्हा प्यायच्या पाण्याची नळयोजना आणि शेतीची भरपाई खाणीकडून मिळावी. सौंसरला सुनावणी झाली. गावचे पन्नास-साठ लोक आले होते, टोप्या, उपरणी, दोन ट्रॅक्टर. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे आमचा तक्ता होता. स्थिर, किंचित वाढ. खाणीच्या वकिलाला फार बोलावं लागलं नाही.

देवराव उभे राहिले. “साहेब, सहाही इहिरी कोरड्या हायेत. मी त्याच गावचा हावो.”

“ये दस्तख़त आपके हैं?” अधिकाऱ्याने विचारलं.

“माझेच हायेत.”

“और ये आँकड़े किसने नापे?”

“मीच मोजले. पण ते या इहिरींचे...”

“नापे आपने, दस्तख़त आपके। फिर झूठ कौन बोल रहा है? काग़ज़ या आप?”

देवरावांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी तिसऱ्या खुर्चीवर होतो. माझ्या पेनाचं टोपण नीट बसत नव्हतं. ते मी बसवत होतो. बराच वेळ बसवत होतो. मान वर केली तेव्हा ते खाली बसले होते आणि पुढच्या अर्जाचा पुकारा झाला होता.

बाहेर चिंचेखाली जानराव बोबडे त्यांच्या समोर येऊन उभे राहिले. “काय रे देव्या, खाणीचा चहा गोड लागला का?”

देवरावांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि रस्त्याला लागले. मी दहा पावलांवर होतो. माझं नाव घ्यायला त्यांना एक बोट उचलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर कचेरीत आले. टेपला तेल लावलं. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “साहेब, माझ्या सहीची कोरी पानं किती उरली?”

“सात.”

“द्या.”

त्यांनी सातही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक रेघ मारली, पानं माझ्यासमोर ठेवली आणि फिरतीवर गेले. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय त्यांनी सही केली नाही, असं मला पुढे कळलं; मी तिथे होतो तोवर माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत. कामाचं मात्र सगळं बोलले. राग धरला असता तर मला सोपं गेलं असतं.

सुनावणीच्या पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली. गावाने त्यांच्याशी काय केलं ते मला तुकड्यातुकड्याने कळत राहिलं. पोळ्याला त्यांची जोडी तोरणाखाली कोणी आपल्या शेजारी उभी करेना. भजनात त्यांनी टाळ उचलले की एकेक जण उठे. मुलीच्या सासरी तो मामा म्हणाला म्हणे, दाळ शिजत नव्हती ते उगाच नाही. मारहाण नाही, बहिष्कार नाही. नुसतं कोणी विचारत नसे.

रजिस्टरात उतरवून झालेली फील्डबुकं रद्दीत जायची असतात. विहिरी कोरड्या पडल्या त्या दोन वर्षांची मी घरी आणली होती. का आणली ते सांगता येत नाही. जाळायला आणली असतील. पांढुर्ण्याच्या घरी ती गहू भरायच्या कोठीमागे राहिली. गेल्या चैत्रात घर रंगवायला काढलं, सुनेने विचारलं, “बाबा, हे चिखलाचे बुकं फेकू का जी?” मी नको म्हणालो. तीन दिवस बसून सहा विहिरींचा तक्ता पुन्हा लिहिला. कोणती कधी कोरडी पडली, तिच्या नंबरावर कोणती लिहिली, कोणी लिहिली. खाली माझं नाव, पद, सही. मग ते घेऊन बसने सौंसरला आणि तिथून ऑटोने बोरडोहला गेलो.

देवराव ओसरीत खाटेवर होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी. आवाजावरून ओळखलं. “या साहेब. बदली झाली का पुन्हा इकडे?”

मी म्हणालो, “रिटायर होऊन दहा वर्षं झाली देवराव.”

“मंग बसा निवांत.”

मी कागद वाचून दाखवला. सगळा. ते चांगल्या डोळ्याने अंगणाकडे पाहत होते. संपल्यावर त्यांनी कागद मागून घेतला, डोळ्याशी धरला आणि बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं.

“ही काटा.”

सहावी विहीर त्यांचीच होती.

“ही तुमची आहे देवराव. यादीत राहिली तर तुमच्या मुलाला उद्या काही मिळालं तर मिळेल.”

“मिळन. पण ही खाणीनं नाही बसली जी. मी बाजूले बोअर मारला होता संत्र्यासाठी, त्याच उन्हाळ्यात बसली. खाण तवा जानरावच्या बाजूलेच होती, माझं वावर माळाच्या अल्याड.”

“हे कोणाला माहीत आहे?”

“मले.”

मी ओळ खोडली. रेघ वाकडी आली. त्यांनी पुन्हा कागद पाहिला. “बाकीच्या पाच बरोबर. जानरावचा महिना चैत नाही, फागुन. होळीच्या आधी बसली ते.”

तेही दुरुस्त केलं. मग मी विचारलं, जे विचारायला आलो होतो. “त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलं?”

“घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, साहेबावर ढकलून राहिला.” कागदाची घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली. “अन् कोऱ्या कागदावर सही तर मीच केली होती ना जी. ते काय तुमी माझा हात धरून केली?”

मी ती पिशवीत ठेवली.

तो कागद, पाच विहिरींचा, मी फील्डबुकांसह कचेरीत दिला. आता जिल्हा पांढुर्णा झाला, कचेरी मला जवळ पडते. पोच मिळाली. जुनी सुनावणी त्यावरून उघडेल का, हे टेबलावरच्या मुलीला सांगता आलं नाही. तिने कागद नीट लावून ठेवला, एवढं मी पाहिलं.

पण त्या दिवशी बोरडोहहून मी निघालो तेव्हाचं सांगायचं राहिलं. टँकरचा हॉर्न वाजला. देवरावांनी खाटेखालून दोन कॅन काढल्या आणि चालू लागले. मी मागून गेलो. देवळापुढे बायामाणसांची रांग होती, पाण्याचे पितळी गुंड, बादल्या, प्लास्टिकचे ड्रम. जानराव नव्हते, त्यांचा मुलगा होता. तो देवरावांना म्हणाला, “या मोजणीवाले. आज किती भरलं ते लिहून ठेवा बरं, नाहीतर टँकर भरूनच हाये म्हणाल.” दोघं-तिघं हसले. सवयीचं हसणं.

मी पुढे झालो. म्हणालो, “ते खोटं यांनी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं. मी होतो तिथे, कचेरीत.” माझ्या मते मी मोठ्याने म्हणालो. टँकरवाल्याने तेव्हाच इंजिन रेटलं होतं. जानरावांच्या मुलाने “काय?” असं तोंड केलं आणि पाइपाकडे वळला. एक बाई माझ्या पायाशी गुंड ठेवत म्हणाली, “बाजूले व्हा बाबूजी. नंबर हाये आमचा.”

मी बाजूला झालो. पुन्हा म्हणालो नाही.

देवरावांची पाळी आली. त्यांनी ऐकलं होतं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. ते खाली वाकले, एका हाताने पाइप कॅनच्या तोंडात धरला आणि चांगला डोळा तोंडापाशी नेऊन पाणी चढताना पाहत राहिले. गळ्याशी आल्याबरोबर त्यांनी पाइप काढला. एक थेंब बाहेर पडू न देता तो मागच्या बाईच्या हातात दिला.